काउंट करेक्ट, पण मॉप कुठे आहे?

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, प्रबंधक आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई

विषय: ऑपरेशन थिएटरमधल्या परिचारिकांचं निरंतर शिक्षण, आणि केसनंतरच्या अर्ध्या तासाला क्रेडिट (नोंदणीच्या नूतनीकरणात धरले जाणारे तास) मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

मी एका जिल्ह्याच्या गावी ओटीची परिसेविका आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नोकरीला लागले त्याला २२ वर्षं झाली, त्यातली १७ थिएटरमध्ये गेली. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय म्हणून परवा सीएनईच्या, म्हणजे निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांच्या, सर्टिफिकेटांचं फोल्डर काढलं आणि मोजून पाहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर काउंट करेक्ट आहे. मग काय सुचलं कोण जाणे, एकेक सर्टिफिकेट पुढ्यात घेऊन स्वतःला विचारत बसले, की हे ऐकून आल्यावर दुसऱ्या दिवशी ट्रॉली लावताना मी काय वेगळं केलं? एका सर्टिफिकेटपाशी उत्तर सापडलं. ते निर्जंतुकीकरणावरचं होतं, शिकवणाऱ्या मॅडमनी न शिजलेला ड्रम, म्हणजे आतलं सामान नीट निर्जंतुक न झालेला डबा, कसा ओळखायचा ते प्रत्यक्ष उघडून दाखवलं होतं. बाकीच्यांपाशी काहीच आठवेना. एकाचा तर विषयही आठवेना, जेवणातली बासुंदी तेवढी आठवली.

पत्र खुलं ठेवलंय, कारण ज्यांच्या पोटावर टाके पडलेत अशा माणसांनीही ते वाचावं असं वाटतं. त्यांच्यासाठी आधी काउंट म्हणजे काय ते सांगते. ऑपरेशन सुरू होण्याआधी हत्यारं, सुया, मॉप (रक्त टिपायचे कापडी रुमाल) आणि गॉज (जाळीदार कापडाचे तुकडे) मोजून बोर्डवर लिहायचे. मधे नवीन घेतले की आकड्यात मिळवायचे. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचं, कातडी शिवण्याआधी आणखी एकदा. एक मोजते ती हात धुऊन टेबलाशी उभी असलेली स्क्रब नर्स, दुसरी फ्लोअरवरची, म्हणजे टेबलापासून लांब राहून सामान आणून देणारी. दोघींचा आकडा जुळला की स्क्रब नर्स सर्जनला सांगते, ‘काउंट करेक्ट’. मग पोट बंद होतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णालय दुसरं होतं, नाव लिहीत नाही. रात्री दोनच्या सुमाराला सिझेरियन लागलं. बाळ निघालं, रडलं, पण वार सुटेना. रक्त थांबेना. सर म्हणाले, पिशवी काढावी लागेल. पाऊण तासाची केस अडीच तासांवर गेली. मी स्क्रब होते. फ्लोअरला एकच मुलगी, नोकरीला लागून तीन महिने झालेली. तीच ब्लड बँकेला फोन लावत होती, तीच भूल देणाऱ्या मॅडमना ॲम्प्यूल फोडून देत होती आणि मधूनच मला मॉपचा गठ्ठा उघडून टाकत होती. आमचे मॉप घरचेच, म्हणजे गॉजच्या थानातून कापून, शिवून, नाडी लावून, पाचपाचचे गठ्ठे करून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राला, लावलेले. विकतच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तो यांत नव्हता. आत राहिला असता तर फोटो काढूनही दिसला नसता.

पोट शिवण्याआधी मोजलं. बोर्डवर वीस, माझ्याकडे वीस. ‘करेक्ट, सर.’ सरांनी टाका घेतला. तेवढ्यात ती मुलगी भिंतीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘सिस्टर, शेवटचा गठ्ठा मी मोजून नाही टाकला. पाचच असणार म्हणून पाच लिहिले.’

सर चिडले. पहाटेचे साडेचार वाजलेले, चिडणारच. पण त्यांनी घातलेला टाका काढला, हात आत घातला, आणि डाव्या कुशीत आतड्यांच्या मागे रक्तानं भिजून आतड्यासारखाच दिसणारा एकविसावा मॉप निघाला. शेवटचा गठ्ठा सहाचा बांधला गेला होता.

रजिस्टरमध्ये ‘काउंट करेक्ट’ असंच लिहिलं. खोटं म्हणता येणार नाही, शेवटी एकवीसच्या एकवीस बाहेर होते. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना मी कुणाला काही बोलले नाही, सरही बोलले नाहीत. त्या मुलीला मी चहा पाजला आणि म्हटलं, ‘पुन्हा असं करू नकोस.’ या वाक्याची मला आजही लाज वाटते. जिनं तोंड उघडलं म्हणून एक बाई दुसऱ्या ऑपरेशनातून, कदाचित त्याहून वाईट कशातून तरी वाचली, तिला मी समज दिली.

घरी जाऊन झोप लागेना. मुलाची जुनी वही होती, मागची पानं कोरी. त्यात लिहायला लागले. काय झालं, कोण कुठे उभं होतं, माझं लक्ष कधी उडालं. लिहिता लिहिता ध्यानात आलं की चूक मोजण्यात नव्हतीच. गठ्ठा म्हणजे पाच, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की गठ्ठे मोजत होतो, मॉप मोजतच नव्हतो. आठवड्याभरानं दुपारी मावशींच्या शेजारी जाऊन बसले. त्या गप्पा मारत, मधेच फोन घेत, ओपीडीतून हाक आली की उठत गठ्ठे बांधत होत्या. पाचाचे सहा होणं मुळीच अवघड नव्हतं. मग ठरवलं, पाचही नाड्या एकाच बाजूनं बाहेर दिसतील असा गठ्ठा बांधायचा, आणि तो उघडला की टेबलावर पसरून दोघींनी मोठ्यानं मोजायचा, केस कितीही घाईची असो. ती पद्धत तिथे टिकली. मी ते रुग्णालय सोडलं तेव्हाही चालू होती.

पुढे कळलं की यावर मोठा अभ्यास होऊन गेलाय. २००३ साली अमेरिकेत डॉ. अतुल गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात हत्यार किंवा मॉप राहिलेल्या ५४ रुग्णांच्या केसेस तपासल्या. इमर्जन्सी केसमध्ये हा धोका जवळजवळ नऊपट निघाला, ऑपरेशन ठरलेलं सोडून दुसऱ्याच वाटेला गेलं तर चौपट. माझ्या त्या रात्री दोन्ही होतं. पण मी दचकले ती पुढच्या आकड्यानं. ज्या केसेसमध्ये मोजणी झाली होती, त्यातल्या ८८ टक्के केसेसमध्ये शेवटचा काउंट बरोबर आहे असंच समजलं गेलं होतं. म्हणजे वस्तू आत राहिली ती बहुतेक वेळा कुणी मोजलं नाही म्हणून नव्हे. मोजलं, जुळलं, आणि तरी राहिली.

सन्माननीय सदस्यहो, सीएनईबद्दल मला हेच म्हणायचंय. सर्टिफिकेटांचा काउंट जुळतोय. मॉप आत आहे.

डॉ. गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, म्हणून जरा हक्कानं त्यांचंच दुसरं उदाहरण घेते. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ साली आली, ती त्यांच्या पुढाकारानं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. जगभर बोलबाला झाला. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सगळीकडे सक्तीची केली आणि १०१ रुग्णालयांचे आधीचे-नंतरचे आकडे २०१४ मध्ये छापून आले. फरक नगण्य. कागद तोच होता, मुद्दे तेच होते. असं का झालं यावर पंडितांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण पेशंट वॉर्डातून यायच्या आत चेकलिस्टवर टिका झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात, आणि खरं सांगायचं तर स्वतःही केल्यात. ‘टाइम आउट’ला सगळ्यांनी थांबून एकमेकांना नावं सांगायची, पेशंट कोण, बाजू कोणती ते बोलायचं. आमच्याकडे तेव्हा कॉटरीची (विजेनं भाजून रक्त थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट पेशंटला चिकटवणं आणि गाणं बदलणं चालू असतं.

सीएनई कशी होते ते आपल्यालाही ठाऊक असेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, बॅग, पेन. हॉल भरलेला आणि स्लाइड इंग्रजीत. वक्ते चांगले असतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण मेडिसीन वॉर्डची, एनआयसीयूची, पीएचसीची आणि थिएटरची अशा सगळ्या जणी एका हॉलमध्ये बसलेल्या. सगळ्यांना चालेल असा विषय घ्यायचा म्हणजे कुणालाच पुरेसा लागू न पडणारा विषय निघतो. सर्टिफिकेट जेवणाआधी मिळणार की नंतर, यावर दुपारची हजेरी ठरते. आणि ज्या चार जणींना खरंच शिकायचं असतं त्या त्या दिवशी ड्यूटीवर असतात, कारण ऑपरेशनांची लिस्ट लागलेली असते आणि थिएटरमधून कुणाला सोडता येत नाही. मग त्या आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्वतःचे पैसे भरून जातात.

मग थिएटरची नर्स खरं शिकते कुठे? सांगितलं तर आपल्याला आवडणार नाही. कंपनीच्या माणसाकडून. टाके घालणारा स्टेपलर आला, कंपनीच्या माणसानं जोडून दाखवला. हार्मोनिक (कापता कापता रक्त थांबवणारं यंत्र) आला, त्यानंच पेडल कुठलं ते सांगितलं. लॅप्रोस्कोपीचा नवा टॉवर, हाडांचे नवे सेट, सगळ्याचं शिक्षण कंपनीचा माणूस देतो, तेही पेशंट टेबलावर असताना, मास्कच्या आडून. मुलं हुशार असतात, मदतीला रात्रीही येतात. पण ती विकायला आलेली असतात. यंत्र कसं चालतं ते सांगतात. ते कधी दगा देतं, मागच्या महिन्यात शेजारच्या गावात काय झालं, हे कशाला सांगतील? प्लेट नीट न चिकटल्यानं भाजलेली मांडी, स्पिरिटचं प्रेप सुकायच्या आत कॉटरी लावल्यानं उडालेली ज्वाळ, हे आमचं आम्हालाच एकमेकींना सांगावं लागतं. ते सांगायची जागा सध्या चेंजिंग रूम आहे, आणि आवाज कुजबुजीचा.

जुनं सुटत नाही ते वेगळंच. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला पहिल्या गटात टाकूनही वर्षं झाली. तरी शनिवारी संध्याकाळी थिएटर बंद करून फॉर्मलीनची धुरी द्यायची आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत आत शिरायचं, हे अजून किती ठिकाणी चालतं ते कुठल्याही ओटीच्या मामांना विचारा. ‘आम्ही असंच करत आलो’ हे वाक्य थिएटरमध्ये प्रोटोकॉलसारखं चालतं.

‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’ हा शब्द मी पहिल्यांदा एका सीएनईतच ऐकला. स्लाइडवर खाली मराठी दिलं होतं, ‘प्रतिबिंबित सराव’. मला वाटलं आरशासमोर उभं राहून काउंट घ्यायचा की काय. नंतर कळलं की ते माझ्या वहीतलंच काहीतरी आहे. ग्रॅहम गिब्स यांनी १९८८ मध्ये सहा पायऱ्यांचं चक्र मांडलं: काय घडलं, मनात काय आलं, बरंवाईट काय होतं, तसं का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. बीएस्सीच्या मुली परीक्षेत त्याचं चित्र काढतात आणि मार्क मिळवतात. नाइट ड्यूटीनंतर सहा पायऱ्या कुणी चढत नाही. मी तीनच ठेवल्यात: काय झालं, कशामुळे झालं, उद्या काय करायचं. हल्ली आमच्या थिएटरमध्ये आम्ही दर शनिवारी लिस्ट संपल्यावर अर्धा तास बसतो. नर्सेस, टेक्निशियन, मामा आणि मावशीही. आठवड्यातली एकच गोष्ट घ्यायची. ती मोठी चूक नसली तरी चालते. ‘गुरुवारी सरांनी मागायच्या आत मला काय हवं ते कळलं, कसं कळलं?’ यावरही एकदा चांगलं बोलणं झालं. मावशी सुरुवातीला दाराशीच उभ्या राहायच्या, आता खुर्ची ओढून बसतात. काचेच्या ॲम्प्यूलचे तुकडे कचऱ्याच्या कुठल्या पिशवीत सापडतात हे त्यांच्याशिवाय आम्हाला कोण सांगणार होतं?

या अर्ध्या तासाला एक क्रेडिटही नाही. स्वागतगीताला आहे.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये थिएटर नर्स आहे. तिला दर तीन वर्षांनी तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे पुनर्नोंदणी करावी लागते. २०१६ पासूनचा नियम असा: ३५ तास शिक्षण, त्यातले २० इतरांबरोबर बसून केलेले, कामाबद्दल मिळालेले पाच अभिप्राय, स्वतःच्या कामावर लिहिलेल्या पाच नोंदी आणि त्या नोंदींवर दुसऱ्या नोंदणीकृत नर्सशी केलेली चर्चा. ऐकून मला हेवा वाटला. तीच हसून म्हणाली, ‘इथेही शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून उतरवणाऱ्या असतात गं.’ असणारच. सगळं तिकडचं उचलून इकडे आणा असं म्हणत नाही. पण तिथे स्वतःच्या कामाबद्दल विचार करणं हे कामातच धरलंय, एवढं तरी घ्यावं.

आता अडचण. आपण उद्या परिपत्रक काढलंत की प्रत्येकीनं पाच अनुभव लिहावेत, तर काय होईल ते मी आत्ताच सांगते. पाचही अनुभव गोड असतील. ‘मी रुग्णाला धीर दिला, रुग्ण हसला.’ कारण आमच्याकडे चूक लिहिली की मेमो येतो. त्या पहाटे मी गप्प राहिले ती निर्लज्ज होते म्हणून नाही. त्या मुलीची नोकरी कंत्राटी होती, आणि मी घटनेचा कागद दिला असता तर पहिला सवाल ‘फ्लोअरला कोण होतं?’ हाच आला असता. ‘गठ्ठा कुणी, कसा, कुठे बांधला?’ इथपर्यंत कुणी पोचलंच नसतं. म्हणून क्रेडिटच्या आधी संरक्षण हवं. शिकण्यासाठी लिहिलेली नोंद शिस्तभंगाच्या चौकशीत वापरली जाणार नाही, तिच्यात रुग्णाचं नाव नसेल, आणि ती परिषदेकडे न येता लिहिणारीकडेच राहील. परिषदेला फक्त एवढं कळावं की नोंद झाली आणि तिच्यावर दुसऱ्या नर्सशी बोलणं झालं. मुद्दाम केलेला हलगर्जीपणा यात लपेल अशी शंका येईल. त्याला चौकशीचे रस्ते आधीपासून आहेत, ते बंद करा असं मी म्हणत नाही.

बाकी मागणं फार नाही. आमच्या त्या शनिवारच्या अर्ध्या तासासारखं बसणं, हजेरी आणि चार ओळींच्या टिपणासह, क्रेडिट तासांत धरावं. थिएटरमध्ये काम करणारीच्या तासांपैकी निदान निम्मे थिएटरच्या विषयांवरचे असावेत. कंपनीच्या डेमोला क्रेडिट द्यायचंच असेल तर तिथे धोक्यांवर बोलणारी एक अनुभवी ओटी सिस्टरही असावी. आणि हे सगळं मराठीत लिहिण्या-बोलण्याची मुभा असावी. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त मुली मराठी माध्यमातून आल्यात. इंग्रजीत त्या बरोबर लिहितात, पण खरं लिहीत नाहीत.

एक गोष्ट आपल्या हातातली नाही हे मला ठाऊक आहे, तरी आपला शब्द चालतो म्हणून लिहिते. ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. माझ्या ओळखीच्या एकीनं तो केला, घर सोडून, लहान मूल आईकडे ठेवून. परत आल्यावर रोटेशनमध्ये तिला स्किन वॉर्ड मिळाला. रोटेशन हवं, पण शिकलेल्या हाताचा काही तरी विचार व्हावा.

आणि नर्सच्या बोलण्यानं थिएटर बदलतं, हे काही मी नवीन सांगत नाही. रबरी ग्लोव्हज थिएटरमध्ये आले ते जॉन्स हॉपकिन्समधल्या कॅरोलाइन हॅम्प्टन या सिस्टरमुळे. हात धुण्याच्या पाऱ्याच्या औषधानं तिचे हात फुटत होते. ती तसं बोलली, आणि १८८९-९० च्या हिवाळ्यात सर्जन हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी ग्लोव्हज करवून घेतले. त्या दोघांचं पुढे लग्न झालं म्हणून ही गोष्ट जगाला माहीत झाली. बाकीच्या सिस्टर काय काय बोलल्या असतील, ते कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या वहीच्या आता चार वह्या झाल्यात. त्यातली काही पानं, नावं-गावं काढून, आपल्याला पाठवायची तयारी आहे. अक्षर वाईट आहे, नाइटचं जरा जास्तच. उत्तर मराठीत दिलंत तर थिएटरच्या दारामागे, काउंटच्या बोर्डशेजारी चिकटवून ठेवीन. मावशींनाही वाचता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ओटी परिसेविका

ता.क. ती मुलगी आता एका मोठ्या रुग्णालयात थिएटरची इनचार्ज आहे. हे पत्र पाठवायच्या आधी तिला फोनवर वाचून दाखवलं. चहाचं तिला आठवत होतं. ‘सिस्टर, तुम्ही तेव्हा रागावला होतात, पण तुमचा हात कापत होता,’ म्हणाली.